पडद्यामागची चूल मंदावते तेव्हा: उतारवयात नेमकं मधलंच का दिसेनासं होतं?

"यंदाचं कॅलेंडर नीट छापलेलं नाही बघ," आत्या म्हणाली. "एकादशीच्या रांगेतल्या रेघा सगळ्या वाकड्या आल्यात."

मी जवळ जाऊन पाहिलं. रेघा सरळ होत्या. आत्याचं वय ७३. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू तीन वर्षांपूर्वी काढलेले, साखर नाही, रक्तदाब गोळीने ताब्यात. ऑपरेशननंतर वर्षभर तिला छान दिसत होतं. मग तांदूळ निवडताना खडा निसटायला लागला, सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारावी लागली. चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर बदलून झाला, "आता वय झालं" हेही ऐकून झालं. मी तिला उजवा डोळा तळहाताने झाकायला सांगितलं. "अगं, मधल्या चौकटी हलतायत, पाण्यात पडल्यासारख्या." मग डावा झाकला. "आता सरळ आहेत की!" इतके महिने चांगला डोळा वाईट डोळ्याला सांभाळून नेत होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

त्याच आठवड्यात आम्ही पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो. निदान झालं: वयोमानाने होणारा पीतबिंदूचा ऱ्हास. घरी येईपर्यंत ही बातमी नातेवाइकांत पसरली होती आणि संध्याकाळी आत्याच्या फोनवर एक व्हिडिओ येऊन पडला. रोज सकाळी तीन मिनिटं लाल टॉर्चकडे बघा, डोळ्यातले 'मायटोकॉन्ड्रिया चार्ज होतात', नजर परत येते. आत्याने मला विचारलं, "हे मायटो का काय, ते माझ्या डोळ्यात कुठून आलं? आणि ते चार्ज होतं का खरंच?"

प्रश्न चांगला आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू आपल्याकडे घराघरात माहीत आहेत, पीतबिंदूचं नाव मात्र तो बिघडल्यावरच कानावर पडतं. जगभरात २०२० साली सुमारे १९ कोटी ६० लाख लोकांना हा ऱ्हास कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर असेल आणि २०४० पर्यंत हा आकडा २८ कोटी ८० लाखांवर जाईल, असा संशोधकांचा अंदाज होता. म्हणून आत्याला दिलेलं उत्तर जरा विस्ताराने इथे मांडते आहे.

तुरीच्या दाण्याएवढी जागा

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, प्रकाश झेलणारा पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यात प्रकाश ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या दृष्टिपेशी असतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात आणि त्या एका डोळ्यात सुमारे ९ कोटी असतात. शंकुपेशी रंग आणि बारकावे टिपतात. त्यांची संख्या ४५ ते ६० लाखांच्या घरात. या पडद्याच्या मधोमध साधारण साडेपाच मिलिमीटरची, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी एक पिवळसर जागा असते. हाच पीतबिंदू. त्याच्याही मधोमध मोहरीएवढा एक खळगा असतो आणि तिथे शंकुपेशी अगदी खेटून बसलेल्या असतात. वाचणं, सुई ओवणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरचं हसू ओळखणं, ही सगळी कामं एवढ्याशा जागेवर चालतात.

म्हणूनच या आजारात माणूस पूर्ण आंधळा होत नाही. कडेचं दिसत राहतं. आत्याला दारातून कुणीतरी आलं हे लगेच कळतं, कोण आलं ते आवाज ऐकेपर्यंत कळत नाही. घरच्यांना वाटतं, एवढी चालते-फिरते, ताट-वाटी बरोबर उचलते, मग पेपर का वाचत नाही? कंटाळा करत असेल. असा गैरसमज कितीतरी घरांत होत असेल आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

अंधारात मोटार जास्त चालते

आता 'मायटो'कडे वळू. आपल्या प्रत्येक पेशीत, रक्तातल्या तांबड्या पेशींचा अपवाद सोडला तर, ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक कोठड्या असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हटलेलं आहे. १८९८ मध्ये कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने 'मायटोकॉन्ड्रिया' हे नाव दिलं तेही ग्रीक भाषेतल्या 'धागा' आणि 'कण' या दोन शब्दांवरून, त्यामुळे मराठी शब्द अगदी चपखल बसतो. अन्नातली साखर आणि चरबी ऑक्सिजनच्या साहाय्याने जाळायची आणि पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा काढायची, हे त्यांचं काम. पेशीतली चूल म्हणा.

ज्या पेशीला काम जास्त, तिच्यात चुली जास्त. हृदयाच्या स्नायूंत त्या खच्चून भरलेल्या असतात, आणि दृष्टिपेशींतही. वजनाच्या मानाने पाहिलं तर दृष्टिपटल हा शरीरातल्या सर्वांत जास्त ऊर्जा खाणाऱ्या भागांपैकी एक आहे.

इथे एक गोष्ट आहे जी मला पहिल्यांदा वाचली तेव्हा खरीच वाटली नव्हती. डोळ्याला उजेडात जास्त काम पडत असेल असं आपण धरून चालतो. दंडपेशींचं उलट असतं, त्यांचा खर्च अंधारात वाढतो. विहिरीत झऱ्यांचं पाणी सतत येत असावं आणि ते उपसायला मोटार सतत चालू ठेवावी, तसं अंधारात या पेशींच्या आत क्षाराचे कण शिरत राहतात आणि पेशीला ते ऊर्जा खर्चून बाहेर फेकावे लागतात. प्रकाश पडला की झरे बंद होतात आणि मोटारीला जरा विसावा मिळतो. म्हणजे आपण रात्री दिवे मालवून डोळे मिटतो तेव्हाही हा पडदा जोरात राबत असतो.

डॉक्टरांनी आत्याचा ओसीटी स्कॅन दाखवला तेव्हा हे प्रत्यक्ष पाहायला मिळालं. हा स्कॅन प्रकाशाचा वापर करून पडद्याचा उभा छेद दाखवतो. ही पद्धत १९९१ मध्ये जगापुढे आली. चित्रात पडद्याचे पदर चिरोट्याच्या पदरांसारखे एकावर एक दिसतात. त्यातली एक रेघ चांगली पांढरीशुभ्र असते. डॉक्टर पेनाचं टोक टेकवून म्हणाले, "ही चमक बहुतेक तंतुकणिकांची आहे. दृष्टिपेशीच्या ज्या भागात त्या दाटीवाटीने बसतात, तो हा पट्टा." उजव्या डोळ्याच्या चित्रात ती रेघ सलग होती. डाव्यात मधोमध उंदराने कुरतडल्यासारखी तुटलेली.

सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी

गोष्टीतलं खरं मुख्य पात्र मात्र दृष्टिपेशींच्या मागे उभं आहे. दृष्टिपटलाच्या पाठीला चिकटून गडद रंगाच्या पेशींचा एकेरी थर असतो. शास्त्रीय नाव रेटिनल पिग्मेंट एपिथेलियम. लग्नात नवरीच्या पाठीशी पाठराखीण असते तशा या पेशी दृष्टिपेशींच्या पाठीशी असतात, म्हणून मी त्यांना पाठराखिणी म्हणणार आहे. एका डोळ्यात त्या साधारण ३५ लाख असतात. एकीच्या पदरात तीसेक दृष्टिपेशी. आणि मोठेपणी त्या सहसा विभागत नाहीत, म्हणजे एक गेली की तिची जागा घ्यायला नवी येत नाही.

त्यांची कामं ऐकली की जीव दमतो. पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून साखर आणि इतर पोषण उचलून दृष्टिपेशींपर्यंत पोचवायचं. प्रकाश पडल्यावर 'वापरून झालेलं' अ जीवनसत्त्वापासूनचं द्रव्य पुन्हा ताजं करून परत द्यायचं. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे झाडलोट. दृष्टिपेशीचं टोक प्रकाशाने सतत झिजतं. पेशी ते खालून नवं बांधत जाते आणि वरचा जुना भाग टाकून देते. रोज साधारण दहावा हिस्सा. दहा दिवसांत अख्खं टोक नवं. १९६० च्या दशकात रिचर्ड यंग यांनी किरणोत्सारी खूण लावून हे नूतनीकरण दाखवून दिलं. टाकलेला हा भाग पाठराखीण गिळते आणि पचवते. उंदरांमधल्या प्रयोगांत दिसलं की दंडपेशींची ही झाडलोट सकाळी उजाडल्यावर सर्वांत जास्त होते, सडासारवणाच्या वेळी अंगणातला केर निघावा तशी. सत्तर-ऐंशी वर्षं, एकही सुट्टी न घेता, तीच पेशी हा केर काढते.

आणि ती जेवते काय? हा भाग मला फार हलवून जातो. दृष्टिपेशी साखर घाईघाईने अर्धवट जाळतात. ऑक्सिजन हाताशी असूनही दृष्टिपटल असं करतं, हे ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकातच नोंदवलं होतं. या अर्धवट जळणातून लॅक्टेट नावाचा पदार्थ उरतो. निखारा म्हणा. पाठराखीण साखरेला फारसा हात न लावता ती पुढे सरकवते आणि स्वतःच्या चुलीत हा उरलेला निखारा आणि गिळलेल्या केरातली चरबी जाळते. घरातली कर्ती बाई सगळ्यांना गरम वाढून शेवटी उरलंसुरलं खाते ना, तसंच. पण उरलंसुरलं जाळायला चूल उत्तम लागते. साखर अर्धवट जाळून वेळ मारून नेता येते, निखारा आणि चरबी मात्र तंतुकणिकांशिवाय जळतच नाहीत.

आता तिच्या चुली मंदावल्या तर? पोट भरायला ती साखरेलाच हात घालते. जी साखर पुढे जायची ती तिच्यातच संपते. पुढच्या दृष्टिपेशी उपाशी राहतात, त्यामुळे निखारेही कमी पाठवतात, त्यामुळे ती आणखी साखर खाते. दोघींची जोडी एकमेकींना खाली ओढते. अलीकडच्या काही वर्षांत अनेक संशोधक या आजाराकडे असं पाहू लागले आहेत.

चुलीशेजारी ठेवलेली वही

पण चुली मंदावतात का? तंतुकणिकांकडे स्वतःची वेगळी जनुकं असतात, पेशीच्या केंद्रातल्या जनुकांपेक्षा निराळी. फार छोटी वही आहे ती, एकूण १६,५६९ अक्षरं आणि ३७ जनुकं. ही वही आपल्याला फक्त आईकडून मिळते. केंद्रातली मोठी पोथी कपाटात, कापडात गुंडाळून ठेवल्यासारखी सुरक्षित असते. ही छोटी वही मात्र चुलीच्या अगदी शेजारी, उघडी पडलेली. स्वयंपाकघरातल्या पाककृतीच्या वहीवर तेलाचे डाग आणि ठिणग्यांची भोकं पडतात, तसं तिचं होतं. जळणातून ऑक्सिजनचे काही उपद्रवी रेणू सुटतात, ते सर्वांत आधी तिलाच चावतात आणि तिची डागडुजी करायची सोय केंद्रातल्याइतकी चांगली नाही. वहीतलं एखादं पान पुसलं गेलं की त्यावरून बनणारा चुलीचा भाग चुकीचा बनतो. चूल नीट पेटत नाही, धूर जास्त करते आणि त्या धुराने आणखी पानं खराब होतात.

अशा पेशीला रोजचा केर पूर्ण पचत नाही. न पचलेल्याची पिवळट-तपकिरी काजळी तिच्या आत साठत जाते. पेशी आणि रक्तवाहिन्यांच्या मध्ये एक गाळणीसारखा पातळ पदर असतो. वयानुसार तो जाड होतो, त्यात चरबी बसते आणि त्याच्यावर पिवळे ठिपके जमू लागतात. या ठिपक्यांना ड्रुसेन म्हणतात. मोरीच्या जाळीत गाळ अडकला की पाणी तुंबतं, तसा इथे येणारा पुरवठाही तुंबतो आणि जाणारा कचराही. बारीक, मोजके ड्रुसेन पन्नाशीनंतर कितीतरी निरोगी लोकांत दिसतात, त्यांनी घाबरून जाऊ नये. मोठे आणि पुष्कळ दिसले तर लक्ष ठेवावं लागतं.

पहिली तक्रार बहुतेक वेळा अक्षरांची नसते. उन्हातून माजघरात आल्यावर डोळे सरावायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. अ जीवनसत्त्वाचं द्रव्य ताजं करून द्यायला पाठराखीण उशीर करते आणि पीतबिंदूतल्या खळग्याभोवतीच्या दंडपेशी शंकुपेशींच्या आधी मरायला लागतात, त्याचा हा परिणाम. आत्याला विचारलं तर म्हणाली, "हो गं, दोनेक वर्षं देवघरात गेलं की आधी काही दिसतच नाही. मला वाटलं बल्ब बारीक आहे."

कोरडा आणि ओला

बहुतेकांचा आजार 'कोरडा' असतो. ड्रुसेन, मग हळूहळू पाठराखिणींचे पुंजके मरणं, मग नकाशावरच्या बेटांसारखे पोकळ डाग. याला वर्षं लागतात. दहा-पंधरा टक्के लोकांत तो 'ओला' होतो. भुकेल्या, घुसमटलेल्या पडद्यातून 'रक्त पाठवा' असा रासायनिक निरोप जातो आणि मागून नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात, गळतात, पडदा फुगवतात. रेघा वाकड्या दिसतात त्या या फुगवट्यामुळे. ओल्या प्रकारात नजर काही आठवड्यांत जाऊ शकते, पण उपचारही याच प्रकारावर सर्वांत चांगला आहे. आत्याचा डावा डोळा ओला निघाला, उजवा अजून कोरडा.

"हे सगळं कशावरून? कदाचित पेशी मरते म्हणून चूल विझत असेल"

ही शंका मीही डॉक्टरांना विचारली, आणि ती अगदी रास्त आहे. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे मेलेल्या पेशीकडे बघून सांगणं अवघड असतं.

सर्वांत वजनदार पुरावा दान केलेल्या डोळ्यांतून आला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डेबोरा फेरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी नेत्रपेढीतले डोळे आजाराच्या टप्प्यांनुसार लावले आणि पाठराखीण पेशींमधली ती छोटी वही तपासली. आजार असलेल्यांच्या वहीत निरोगी दात्यांपेक्षा जास्त पानं फाटलेली होती, टप्पा वाढेल तशी इजाही वाढत होती आणि नजर जाण्याच्या आधीच्या टप्प्यातही ती दिसत होती. मृत्यूनंतर डोळे देणाऱ्या त्या माणसांमुळे आज आपल्याला हे माहीत आहे.

दुसरा पुरावा जरा बाजूचा आहे. १९८८ मध्ये डग्लस वॉलेस यांच्या गटाने दाखवलं की लेबरच्या आनुवंशिक आजारात, ज्यात बहुधा तरुण मुलांची नजर अचानक जाते, तंतुकणिकांच्या वहीतलं एकच अक्षर बदललेलं असतं. तिथे बिघडणारा भाग वेगळा, डोळ्याची नस. पण शरीरभर तोच दोष असूनही पहिला फटका डोळ्याला बसतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

तरीही चूल हे एकमेव कारण आहे असं मी म्हणणार नाही. २००५ मध्ये एकाच वेळी अनेक संशोधक गटांना आढळलं की प्रतिकारशक्तीच्या एका जनुकाचं ठरावीक रूप असलेल्यांना हा आजार होण्याची शक्यता बरीच जास्त असते. हे जनुक शरीराच्या रखवालदाराला आवर घालतं. आवर सुटला की रखवालदार घरातल्याच माणसांवर काठी चालवतो. पुढे असंही दिसलं की हे धोक्याचं रूप असलेल्या दात्यांपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पाठराखीण पेशींत तंतुकणिकांचं कामही मंद असतं. म्हणजे हे दोन रस्ते वेगळे नसून कुठेतरी एकमेकांना मिळतात, असं माझं मत झालं आहे.

यातून "मग सगळ्याच म्हाताऱ्यांना का होत नाही?" याचंही उत्तर मिळतं. वय सगळ्यांचं वाढतं, पण कुणाला कोणती जनुकं मिळाली आणि आयुष्यभर चुलीत काय घातलं, यावर पुढचं ठरतं. आपल्या हातातलं सर्वांत मोठं कारण म्हणजे धूम्रपान. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार ठळकपणे जास्त दिसतो. सोडल्यावर धोका हळूहळू कमी होतो, म्हणून साठीतही सोडण्यात अर्थ आहे.

लाल टॉर्चचं काय?

व्हिडिओ पूर्ण खोटा नाही, म्हणूनच तो जास्त फसवा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले ग्लेन जेफ्री अनेक वर्षं यावर काम करत आहेत. २०२० मध्ये त्यांच्या गटाने २८ ते ७२ वयाच्या २४ जणांना दोन आठवडे रोज तीन मिनिटं ६७० नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश दाखवला. चाळिशीपुढच्यांची रंगांतला फरक ओळखण्याची क्षमता सुधारली. कल्पना अशी की तंतुकणिकांमधला एक भाग लाल प्रकाश शोषतो आणि चूल जरा जोमाने पेटते. पण त्या २४ जणांना डोळ्याचा कुठलाही आजार नव्हता. त्यावरून आत्याच्या डाव्या डोळ्याबद्दल काही सांगता येत नाही.

आजारी डोळ्यांवरची चाचणी वेगळी आहे. पिवळा, लाल आणि अवरक्त अशा तीन ठरावीक प्रकाशांचं एक उपकरण आहे. ५९०, ६६० आणि ८५० नॅनोमीटर. कोरड्या प्रकारासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली. ते दवाखान्यातच, मोजून मापून दिलं जातं. काही आठवड्यांत नऊ बैठका, आणि दर चार महिन्यांनी पुन्हा तसंच. चाचणीतला फायदा सरासरी तक्त्यावरच्या एका ओळीच्या आसपास होता आणि खोटा उपचार मिळालेल्या गटातही थोडी सुधारणा दिसली होती. पाठराखिणी मरून पोकळ डाग पीतबिंदूच्या मध्यावर पोचले असतील तर तिथे चेतवायला चूलच उरलेली नसते. ओल्या प्रकारासाठी तर ते नाहीच.

ऑनलाइन मिळणाऱ्या टॉर्चमध्ये किती ताकदीचा, नेमका कोणता प्रकाश आहे हे कुणी तपासलेलं नसतं. मुलांचा चष्मा वाढू नये म्हणून वापरली जाणारी काही लाल प्रकाशाची यंत्रं ह्यूस्टन विद्यापीठात तपासली गेली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन मिनिटांतच सुरक्षिततेची मर्यादा गाठली किंवा ओलांडली जात असल्याचं आढळलं. ज्या पडद्याला आधीच धाप लागली आहे त्यावर असा प्रयोग घरी करू नये, असं मी आत्याला स्पष्ट सांगितलं. टॉर्च मागवली होती, ती परत केली.

तंतुकणिकांना थेट आधार देणारी औषधंही तपासली जात आहेत. त्यातलं एलॅमिप्रेटाइड हे चुलीच्या आतल्या भिंतीला चिकटून ती सावरतं. २०२५ मध्ये ते बार्थ सिंड्रोम या दुर्मीळ आजारासाठी अमेरिकेत मंजूर झालं. कोरड्या पीतबिंदूच्या ऱ्हासात मात्र दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत मुख्य उद्दिष्टं साध्य झाली नाहीत. स्कॅनमधली ती पांढरी रेघ जरा कमी तुटली, एवढ्या आशेवर पुढच्या चाचण्या सुरू झाल्या.

गोळ्या, गाजरं आणि मोबाईल

अमेरिकेत सरकारी खर्चाने झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २००१ मध्ये आला. क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, तांबं आणि बीटा-कॅरोटिन यांच्या ठरावीक मोठ्या मात्रेने मध्यम टप्प्यावरच्या लोकांत आजार गंभीर होण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. बीटा-कॅरोटिनमुळे धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर त्याच्या जागी ल्युटिन आणि झिॲक्झॅन्थिन आले. हीच दोन द्रव्यं पीतबिंदूला पिवळा रंग देतात. या गोळ्या मध्यम टप्प्यासाठी किंवा एका डोळ्यात आजार पुढे गेलेल्यांसाठी आहेत. आजार नसलेल्याने त्या घेतल्याने तो टळतो असं दिसलेलं नाही. मात्रा मोठी असल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. जेवणात पालक, मेथी, शेवग्याचा पाला, मका असावा, गाजरही खुशाल खावं.

मोबाईलच्या निळ्या प्रकाशाने हा आजार होतो याला आधार नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या मुख्य संस्थेनेही तसं स्पष्ट म्हटलेलं आहे. आत्याला तर मोबाईल उपयोगीच पडतो, अक्षरं मोठी करून.

गेलेलं परत येतं का?

ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शन देतात. नाव ऐकूनच अंगावर काटा येतो, पण थेंबांनी डोळा बधिर करतात आणि सुई काही सेकंदांची असते. हे औषध 'रक्त पाठवा' हा निरोप अडवतं. रॅनिबिझुमॅब अमेरिकेत २००६ मध्ये आलं. त्याहून खूप स्वस्त पडणारं बेव्हॅसिझुमॅब मुळात कर्करोगाचं औषध, पण २०११ च्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत नजरेच्या बाबतीत दोन्ही तुल्यबळ ठरली. खर्चाने मागे हटणाऱ्या घरांनी डॉक्टरांशी याविषयी मोकळेपणाने बोलावं. इंजेक्शन एकदा देऊन संपत नाही. सुरुवातीला बहुधा दर महिन्याला, पुढे अंतर वाढवत. "आता बरं दिसतंय" म्हणून मध्येच सोडणं हे नजर गमावण्याचं मोठं कारण आहे.

कोरड्या प्रकारातल्या पोकळ डागांसाठी २०२३ मध्ये अमेरिकेत दोन औषधं आली. ती रखवालदाराला आवर घालतात, डाग वाढण्याचा वेग कमी करतात, पण गेलेली नजर आणत नाहीत. त्यातल्या पहिल्याला, पेगसेटाकोप्लॅनला, युरोपच्या नियामकांनी २०२४ मध्ये नकार दिला, कारण रुग्णाच्या रोजच्या जगण्यात फरक पडल्याचं त्यांना पटलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका वेगळ्याच उपायाचा निकाल प्रसिद्ध झाला. दोन मिलिमीटरची प्रकाशावर चालणारी चिप पडद्याखाली बसवायची आणि कॅमेऱ्याच्या चष्म्यातून तिच्यावर चित्र पाडायचं. वर्षभर टिकून राहिलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांना तक्त्यावरची अक्षरं ठळकपणे जास्त वाचता आली. मेलेल्या दृष्टिपेशींना वळसा घालून पुढच्या पेशींना हाक मारण्याचा हा मार्ग आहे.

रविवारचा चहा झाल्यावर

पाठराखिणी मोठेपणी नव्याने तयार होत नाहीत, म्हणून जे करायचं ते असलेल्या जिवंत असतानाच करावं लागतं. पन्नाशीनंतर डोळ्याची बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी, आई-वडील किंवा भावंडांना हा आजार असेल तर जास्त आवर्जून. आणि घरी एकेक डोळा झाकून बघणं. मार्क अ‍ॅम्सलर या स्विस डॉक्टरांच्या नावाचा तक्ता यासाठीच असतो. दहा सेंटिमीटरच्या चौकोनात पाच मिलिमीटरच्या चौकटी आणि मध्ये ठिपका. वाचायचा चष्मा लावून, हातभर अंतरापेक्षा जरा जवळ धरून, ठिपक्याकडे बघायचं. रेघ वाकली, तुटली, मध्ये डाग आला, तर वाट न पाहता पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं, पुढच्या महिन्याच्या तारखेसाठी थांबायचं नाही.

आत्याने तक्ता घेतला नाही, तिचं कॅलेंडरच आहे. दर रविवारी चहा झाला की ती त्याच्यासमोर उभी राहते, आधी डावा तळहात, मग उजवा. तीन इंजेक्शनं झाली आहेत. गेल्या रविवारी उजव्या डोळ्याने एकादशीची चौकट सरळ दिसली, तेव्हा तिने त्या तारखेत पेन्सिलीने 'उ' लिहिला. त्याच्याशेजारी 'डा' लिहिला आणि जरा वेळ बघून त्याच्यापुढे बारीक प्रश्नचिन्ह काढलं.